एकशे सत्ताविसाच्या पुढे

पनवेल, २२ जून २०२५

चि. मनस्वीस,

आत्याकडून आशीर्वाद, आणि त्यासोबत एक तक्रार.

मी चार परिच्छेद लिहायचे आणि तू हैदराबादहून एक पिवळा अंगठा दाखवायचा, याला पत्रव्यवहार म्हणत नाहीत. याला सिग्नल म्हणतात. ईमेलने पाठव, माझी हरकत नाही, पण पत्र लिही. कर्ता, कर्म, क्रियापद तिन्ही दिसली पाहिजेत.

आता कौतुक. गावच्या मच्छीमार सोसायटीचं सगळं दप्तर तू संगणकात बसवलंस, त्यामुळे दादाचं, म्हणजे तुझ्या बाबांचं, सध्या कठीण झालं आहे. जेट्टीवर कोणी वाऱ्याची चौकशी केली तरी तो "पोरीनं केलाय" असंच उत्तर देतो. परवा पनवेलला आला. सोड्यांची पिशवी ओट्यावर ठेवायच्या आधी मोबाईल उघडून सोसायटीचं पान दाखवलं. मी म्हटलं, "छान आहे रे." तर म्हणाला, "छान काय? सहा टेबलं केलीन तिनं!" मी विचारलं, लाकडाची की लोखंडाची? तो रागावला. चहा मात्र प्यायला.

मीही काही कमी नाही. शिक्षकखोलीत दोन तास हाच विषय चालवला. कोळ्यांच्या घरातून संस्कृत शिकायला निघालेली पहिली मी. तेव्हा तुझी आजी, आमची आई गंगाबाई, म्हणाली होती, "म्हावरा संस्कृतान बोलतंय काय गो?" तुला कोणी असलं विचारलं नाही. म्हणजे प्रगती आहे.

तर ही सहा टेबलं काय प्रकार आहे, ते मला समजेल असं लिही. मी पाणिग्रहण आणि प्रत्यय दोन्ही समजून घेतले आहेत, हेही जमेल.

तुझी,
किशोरी आत्या


हैदराबाद, २९ जून

प्रिय आत्या,

अंगठा मागे घेते आणि नमस्कार करते.

टेबल म्हणजे तक्ता. सोसायटीचे चिटणीस काशिरामकाका आतापर्यंत सगळं एकाच तक्त्यात कोंबायचे: सभासद, त्याचा फोन, त्याची होडी, होडीवरचे खलाशी. एखाद्याच्या दोन होड्या असल्या की त्याचं नाव दोनदा. बाबांचंच बघ, एकदा कमळाकर, एकदा कमलाकर. फोन बदलला की एका ओळीत नवा, दुसरीत जुना. मी ते सुटं केलं. माणसं एका तक्त्यात, प्रत्येक जण एकदाच. होड्या दुसऱ्या तक्त्यात. तिसऱ्यात फक्त एवढंच की कोण कोणत्या होडीचा नाखवा, आणि चौथ्यात कोण कोणत्या होडीवर खलाशी. म्हणजे माणूस एकच, पण तो स्वतःच्या होडीचा मालक असून दुसऱ्याच्या होडीवर कामालाही जाऊ शकतो. उरलेले दोन तक्ते जाळी आणि परवान्यांचे, ते सोड.

आता हे तक्ते एकमेकांशी जोडायला प्रत्येक माणसाची एक किल्ली लागते. नाव चालत नाही, आपल्या गावात बळीरामच चार. फोन बदलतो. म्हणून किल्लीचा आकडा यंत्र स्वतःच देतं, प्रत्येक नव्या नोंदीला पुढचा. एकदा दिलेला आकडा, ती नोंद पुसली तरी, परत कोणाला देत नाही. त्याला अर्थ काही नसतो. तोच मी ओळखपत्रावर सभासद क्रमांक म्हणून छापलाय.

त्या आकड्यासाठी भांडं निवडावं लागतं. सगळ्यात लहान भांडं एकशे सत्तावीसपर्यंत मोजतं. त्याहून मोठं बत्तीस हजारांवर जातं. सगळे सर्रास वापरतात ते दोनशे चौदा कोटींच्याही पुढे. आपले सभासद एकोणऐंशी! मला तुझा नववीचा तास आठवला: सूत्रात एक अक्षर जास्तीचं दिसलं की तू खडू खाली ठेवायचीस. मी सगळ्यात लहान भांडं घेतलं. ऑफिसातला प्रितेश म्हणाला, "इतकी काटकसर कोण करतं?" मी म्हटलं, माझी आत्या.

तुझी,
मनू


पनवेल, २१ जुलै

चि. मनस्वीस,

तुझं पत्र शिक्षकखोलीत वाचून दाखवलं. "माझी आत्या" हे दोनदा वाचलं, कारण गणिताच्या बाईंना पहिल्यांदा ऐकू आलं नसावं.

तर तुझी किल्ली निर्गुण आहे. तत्त्व उत्तम. पण आपल्या लोकांना निर्गुण पचत नाही, त्यांना आकड्यालाही शेंदूर फासावा लागतो. काल गावी गेले होते, तिथली मौज ऐक.

यंदाच्या पावसाळ्यात होड्या बंद, तर दहाएक पोरं नव्यानं सभासद झाली आहेत. सोसायटीच्या कचेरीत केतन आला. त्याच्या पिकअपचा नंबर एकशे सतरा. म्हणतो कसा, "काशिरामकाका, मना कार्डावं एकशेसतराच पायजे. गारीचा हाय तोच."

"बस. आत्ता एकशेतेरावं आलाय," काशिराम म्हणाला आणि कामाला लागला. नावाच्या जागी नुसता 'अ' लिहिला, एकशे चौदा आला, पुसून टाकला. पुन्हा 'अ', एकशे पंधरा, पुसला. जन्ममरणाचा फेरा मी पुराणात पुष्कळ वाचला होता, इतक्या जवळून प्रथमच पाहिला. तिसरा 'अ' गेल्यावर केतन अवतरला, एकशे सतरा! बाहेर जाऊन त्यानं पिकअपला हात लावून नमस्कार केला. हृतिकला एकशे आठ मिळाला तेव्हा पेढे वाटले म्हणे. रामूला एकशे सव्वीस हवा आहे, बेरीज नऊ येते. त्याला सांगितलंय, दोन दिवसांनी ये, तोवर आकडा तिथवर नेऊन ठेवतो.

रामूवरून आठवलं. हे हसण्यावारी नेऊ नकोस.

त्याचा थोरला भाऊ बळीराम दिवाळीत गेला, तुला माहीत आहे. होडी बळीराम आणि भामा, नवरा-बायको दोघांच्या कष्टाची. तो आणायचा, ती उलव्यापर्यंत पाटी नेऊन विकायची. जाळं तिनं विणलेलं, इंजिन तिच्या पाटल्यांतून आलेलं. आता सोसायटीचा नियम असा की वार्षिक सभेपर्यंत होडीला हयात नाखव्याचं नाव लागलं पाहिजे, आणि तो सभासद असला पाहिजे. नाहीतर नाव लागणार जवळच्या सभासद नातेवाइकाचं. म्हणजे रामूचं. सभा तीन ऑगस्टला. रामू माणूस वाईट नाही. दर फेरीआधी बळीरामला विचारून मासळीसाठी होडीत बर्फ तोच भरायचा. पण बाईच्या नावाच्या होडीवर गेलो तर दर्यावर लोक हसतील, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं आहे.

भामानं ठरवलंय. येत्या रविवारी ती स्वतः सभासद होणार आणि मग होडीला आपलं नाव लावणार. सोसायटीत आजवर बाई नाखवा नाही. नियमात नको असंही कुठे लिहिलेलं नाही. "किशोरीताई, तू बरोबर ये," म्हणाली. जाईन.

तुझी,
आत्या


हैदराबाद, २३ जुलै

प्रिय आत्या,

काशिरामकाकांचा जन्ममरणाचा फेरा मेसमध्ये वाचत होते, एकटीच हसले, लोक बघायला लागले. प्रितेशला भाषांतर करून सांगितलं. तोही हसला.

भामाकाकीची काळजी करू नकोस. नोंद दोन मिनिटांची आहे. नाव, फोन, पत्ता, झालं. सॉफ्टवेअर मी केलंय, आत्या. बाई म्हणून ते कोणाला अडवणार नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

घाईत,
मनू


पनवेल, २८ जुलै

चि. मनस्वीस,

अडवलं.

भामा हिरव्या काठाचं लुगडं नेसून आली होती. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला दोरा. कचेरीत दहा-बारा माणसं. रामू दाराशी उभा. काशिरामनं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, बटण दाबलं. पडद्यावर लाल पट्टी आली. मी स्वतः वाचली: नोंद करता येत नाही, १२७ आधीच आहे.

काशिराम म्हणाला, "एकशेसत्तावीस कोन हाय बगू," आणि यादी उघडली.

एकशे सत्तावीस रामू आहे. त्याला सव्वीस हवा होता, पण काशिरामचा हात एकदा जास्त पडला, आणि मग "ऱ्हाऊ दे आता" म्हणून त्यानं तोच घेतला होता.

पहिला रामूच बोलला. "बगा! मी नाय बोललो, मशीन बोलली. भामाचा नाव घालाला गेले त माजा नाव आला. होरी माजीच हाय."

म्हाताऱ्या सखूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "मशीनला काय ठावं रं? ती कदी पाटी घेऊन गेली व्हती?" पण त्यांचं कोण ऐकतो. काशिरामनं आणखी तीनदा बटण दाबलं. तीनदा एकशे सत्तावीस. शेवटी त्यानं हात जोडले: "आता सभाच काय त्ये ठरवल."

भामानं पिशवीचा दोरा पुन्हा बांधला. वाटेत मला एवढंच म्हणाली, "ताई, तुमच्या मनूनं केलेली मशीन ना ती?" दोष देण्याचा सूर नव्हता. तेच मला जड गेलं.

मी पंचवीस वर्षं मुलांना सांगत आले की यंत्राला मत नसतं. पण मग ते काय म्हणत होतं, ते मला कळलं नाही. तुला कळेल. दादा म्हणतो, "सर्व्हर डाऊन असल." सर्व्हर म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही, तरी अभिमानानं म्हणतो.

लवकर लिही.

आत्या


हैदराबाद, २९ जुलै

प्रिय आत्या,

तुझ्या पत्रात तो आकडा वाचला आणि काय झालं ते लगेच कळलं.

यंत्रानं रामूकाकांचं नाव घेतलंच नाही. भांडं भरलं, एवढंच झालं. मी घेतलेलं सगळ्यात लहान भांडं, एकशे सत्तावीसपर्यंत मोजणारं. भामाकाकींसाठी पुढचा आकडा मागितला, तर त्याला पुढे मोजताच येईना, म्हणून त्यानं पुन्हा एकशे सत्तावीसच पुढे केला. तो आधीच दिलेला, म्हणून लाल पट्टी. भामाकाकींच्या जागी बाबा असते तरी हेच झालं असतं.

आज सभासद नव्वदही नाहीत. पण काशिरामकाकांनी पुसलेला प्रत्येक 'अ' एकेक आकडा घेऊन गेला, आणि गेलेला आकडा परत येत नाही. हे मीच तुला जूनमध्ये लिहिलं होतं. तू मला सगळं तिखटमीठ लावून सांगितलंस आणि मी हसत बसले! काशिरामकाकांचा दोष नाही. मी बिनअर्थाचा आकडा ओळखपत्रावर छापला, मग लोक त्याला अर्थ देणारच. दोन्ही चुका माझ्या.

आज सकाळी दुरुस्त केलं. भांडं बदललं. नुसतं सभासदांच्या तक्त्यात बदलून भागत नाही. ती किल्ली जिथे जिथे पाहुणी म्हणून गेलीय, नाखव्यांच्या तक्त्यात, खलाशांच्या तक्त्यात, तिथेही तेवढंच मोठं भांडं लागतं. ते सगळं केलं. ओळखपत्रावरचा आकडाही काढून टाकलाय, तिथे आता नाव आणि फोटो. दोनशे चौदा कोटी सभासद झाले तरी अडणार नाही.

काशिरामकाकांना म्हणावं, पुन्हा बटण दाबा. होईल.

फक्त बाबांना काही सांगू नकोस. सर्व्हरच डाऊन होता असं चालू दे ना. कोणाचं काय बिघडतं?

मनू


पनवेल, ३० जुलै

चि. मनू,

दोनशे चौदा कोटी सभासदांच्या होड्या उभ्या करायला अरबी समुद्र पुरायचा नाही, पण असो, गावाची महत्त्वाकांक्षा कळली.

काशिरामला भेटले. सभेआधी तो बटणाला हात लावणार नाही.

आता तुझ्या सर्व्हरविषयी. रविवारी सगळ्यांसमोर यंत्र एक बोललं. सभेत ते दुसरंच बोलेल. मधे काय झालं? रामू लगेच विचारील, आणि उत्तरही तोच देईल: मधे कमळाकरच्या पोरीनं हात फिरवला. मग भामाची नोंद होईल, होडीला नाव लागेल, आणि ती जेट्टीवर गेली की मागून कोणीतरी म्हणेल, हिची होडी हैदराबादवरून आली. जन्मभर. कोणाचं काय बिघडतं, ते हे.

तू चूक सांगितलीस तर तिची नोंद स्वच्छ राहते. तेवढा एकच मार्ग मला दिसतो. दादाच्या छातीची काळजी करू नकोस. ती जरा जास्त फुगली आहे, हे खरं. पण ती काही फुगा नव्हे.

आणि एक. अक्षर वाचवण्याच्या नादात अर्थ बुडाला तर त्याला सूत्र म्हणत नाहीत, कोडं म्हणतात. हे मी नववीत सांगायचं राहिलं. तेवढा वाटा माझ्याकडे लाव.

आत्या


हैदराबाद, १ ऑगस्ट

प्रिय आत्या,

बाबांना सांगितलं. सगळं. ते "बरां" म्हणाले आणि फोन ठेवला. पुन्हा केला नाही. मला काही कळत नाहीये.

रविवारी सभेच्या वेळी त्यांच्या मोबाईलवर फोन करेन. ते घेतील का?

मनू


पनवेल, ४ ऑगस्ट

चि. मनूस,

घेतला, हे तुला कळलंच. मोबाईल माईकला लावून तो उभा राहिला, पाळण्यातलं मूल धरावं तसा दोन्ही हातांनी. तुझं भांड्याचं सांगणं लोकांना नीट कळलं, कारण आपल्याकडे प्रत्येकाची कधी ना कधी टोपली भरून मासळी बाहेर पडलेली आहे. "चूक माझी आहे, भामाकाकींची नाही, रामूकाकांचीही नाही," एवढं तू म्हणालीस आणि रेंज गेली. तिथून पुढचं सांगते.

मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "कमळाकर, पोरीला मोजता येत नाय तुज्या!" सगळी सभा हसली. मीही थोडी हसले, प्रामाणिकपणे सांगते.

दादा हसला नाही. मोबाईल खिशात ठेवला आणि माईक हातात घेतला. "नाय आला मोजाला. चुकली. चुकली त उठून बोलली, येवऱ्या लांबून. आमची सोसायटी इतकी वरसं चुकते हाय, आपल्यातला येक तरी कदी उबा ऱ्हायलाय?"

आणि त्या "बरां"चं म्हणशील, तर तुझा फोन ठेवून त्यानं मला लावला होता. म्हणाला, "किशे, पोरगी माजेवं गेली नाय, बरां झाला." मी म्हटलं, अरे, ती माझ्यावर गेली. तर म्हणतो, "तुजेवं पन नाय." त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याच्याशी वाद घालावासा वाटला नाही.

काशिरामनं पडदा भिंतीवर लावला होता. भामा पुढे आली. नाव, पत्ता, बटण. हिरवी पट्टी. त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात आकडा अजून दिसतोच: एकशे अठ्ठावीस. आता बघ आपला माणूस. साऱ्या सभेसमोर, मनापासून, तो भामाला म्हणतो, "थांब भामा, एकशेपस्तीस कारून देऊ? बेरीज नऊ येतंय." दादानं कपाळावर हात मारला.

"नको," भामा म्हणाली. "आला तो माजा. होरी लिव."

मग काशिरामनं नाखव्यांचा तक्ता उघडला आणि मोठ्यानं वाचत लिहिलं. नाखवा, भामा बळीराम कोळी. मनू, मी सभेत होते, तू नव्हतीस, म्हणून सांगते: ते वाक्य संपल्यावर सखूबाईंनी पदर डोक्यावरून घेतला, देवळात घेतात तसा. तुझ्या तक्त्यातल्या एका ओळीसाठी. तुझी आत्या आता महिनाभर शिक्षकखोलीत कोणालाही बोलू देणार नाही.

रामू खाली मान घालून शेवटच्या बाकावर बसला होता. भामा जागेवर जायला वळली, मग थांबली. "काशिराम, खलाशांचा पन तक्ता येगला हाय ना तुमच्यान? त्यान रामूचा नाव लिव."

"त्याला इचारलास?"

"दहा वरसं तोच जातंय या होरीवं. लिव."

काशिरामनं बोट बटणावर ठेवलं आणि रामूकडे बघत राहिला. सभा रामूकडे बघत राहिली. तो उठला, कोणाकडे न बघता दाराशी गेला, चपला घातल्या. मला वाटलं, गेला. उंबऱ्याबाहेर एक पाय टाकून तो तसाच उभा राहिला, पाठ आमच्याकडे.

"वयनी," तो म्हणाला, "बरफ किती घेऊ?"

तुझी,
किशोरी आत्या